पाउल एर्लिख आणि पेशीवरची कुलुपं



शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीच्यांनी भरपूर लिहिल्या आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहिल्या आहेत. म्हणून संपादक मंडळाची परवानगी घेऊन मी जरा वेगळं लिहितेय. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वारलेल्या एका जर्मन डॉक्टरची ही गोष्ट. शाळेत असताना त्यांचं नाव माझ्या कानावरही आलं नव्हतं. गेली चार वर्षं मात्र मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतेय. का, ते मध्ये येईलच. मी अकरावीला जीवशास्त्र सोडून कॉम्प्युटरकडे वळलेली बाई आहे, तेव्हा आपल्या वर्गातल्या डॉक्टर मंडळींनी थोडं सांभाळून घ्यावं.

पाउल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ चा, श्ट्रेलेन या लहानशा गावातला. तेव्हा ते गाव प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू. वडील मद्य गाळण्याचा धंदा करत आणि सरकारी लॉटरीची वसुलीही बघत. दहाव्या वर्षी पाउलला जवळच्या ब्रेस्लाऊ शहरात मारिया माग्दालेना शाळेत घातलं. तिथे त्याची गाठ आल्बर्ट नायसर नावाच्या मुलाशी पडली. पुढे या नायसरने परम्याचा जंतू शोधून काढला आणि एर्लिखनी गरमीवरचं पहिलं खरं औषध. एकाच शाळेतल्या दोन मुलांनी गुप्तरोगांची अशी वाटणी करून घ्यावी, हा योगायोग रियुनियनच्या स्टेजवरून सांगण्यासारखा आहे खरा, फक्त ऐकायला सर-बाई समोर बसलेले असतील! (नायसरांबद्दल एक गोष्ट मात्र लपवण्यासारखी नाही. गरमीच्या रोग्यांच्या रक्तातला द्रव त्यांनी काही स्त्रियांना, वेश्यांनासुद्धा, न विचारता टोचला होता, आणि १९०० साली त्याबद्दल त्यांना दंड झाला.)

पाउल शाळेत गणितात आणि लॅटिनमध्ये बरा होता, पण परीक्षेचा त्याला तिटकारा. शेवटच्या परीक्षेत निबंधाला विषय आला, जीवन एक स्वप्न आहे. त्याने लिहिलं की जीवन म्हणजे ऑक्सिजनशी होणारी रासायनिक क्रिया आहे आणि स्वप्न म्हणजे मेंदूतला स्फुरदासारखा उजेड. मास्तर भयंकर चिडले, असं सांगतात. मला यात त्या मुलाचा आगाऊपणा दिसत नाही. त्याला ते खरोखरच तसं दिसत होतं, आणि शेवटपर्यंत तसंच दिसत राहिलं. सगळं आयुष्य त्याने हेच विचारलं की कुठला पदार्थ कुठे जाऊन चिकटतो, आणि का.

या प्रश्नाची सुरुवात कापडाच्या रंगांतून झाली. त्या काळी जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग बनवायचे कारखाने जोरात होते. एर्लिख यांच्या आईच्या नात्यातले कार्ल वायगर्ट हे रोगनिदानशास्त्राचे डॉक्टर, आणि ते हे रंग शरीराच्या पातळ कापांवर वापरून बघत. पाउलने ते पाहिलं आणि तो तिथेच अडकला. ब्रेस्लाऊ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लाइपझिश अशी त्याने विद्यापीठं बदलली, पण प्रत्येक ठिकाणी त्याचं टेबल तांबड्या-निळ्या-पिवळ्या डागांनी माखलेलं असे. बाकीच्यांना ही हौस वाटे. त्याच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. एकच रंग एका प्रकारच्या पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही. असं असेल, तर त्या पेशीत त्या रंगाला धरणारं काहीतरी असलंच पाहिजे.

१८७८ साली रंगकामावरच प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. मास्ट पेशी हे नाव त्यांचंच. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात त्यांनी रक्ताच्या थेंबातल्या पांढऱ्या पेशी रंगांवरून वेगवेगळ्या केल्या. आज आपल्या रक्ताच्या रिपोर्टवर इओसिनोफिल अमुक टक्के असं छापलेलं असतं, ती वाटणी तिथली. १८८२ च्या २४ मार्चला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, त्या सभेला एर्लिख हजर होते. त्यांनी लगेच तो जंतू रंगवायची जास्त चांगली रीत काढली. रंगवलेल्या काचा वाळायला शेगडीवर ठेवल्या, कुणीतरी सकाळी नकळत शेगडी पेटवली आणि उष्णतेने रंग पक्का बसला, अशी हकीकत आहे. हा रंग एकदा बसला की आम्लानेही निघत नाही. आपल्या सरकारी दवाखान्यांत टीबीसाठी थुंकीची काच तपासतात, ती रीत याच रीतीची मुलगी.

काही वर्षांनी त्याच रीतीने त्यांना स्वतःच्या थुंकीत क्षयाचे जंतू दिसले. वय तेव्हा चौतिशीच्या आसपास. १८८३ मध्ये हेडविग पिंकुस यांच्याशी लग्न झालेलं, दोन लहान मुली. पती-पत्नी हवापालटासाठी इजिप्तला गेले, वर्षभराहून जास्त राहिले आणि ते बरे होऊन परतले. परतले तेव्हा हातात नोकरी नव्हती. मग कॉख यांनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावून घेतलं.

तिथे त्यांच्यापुढे आला घटसर्प. आपल्या पिढीने घटसर्पाचं मूल पाहिलेलं नाही, कारण आपल्याला त्रिगुणी लस मिळाली. त्या काळी हा रोग मुलांचा घसा पडद्याने बंद करून त्यांना मारत असे. एमिल फॉन बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखवून दिलं होतं की विष टोचलेल्या जनावराच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो. पण औषध म्हणून ते रक्तद्रव वापरायचं तर एका बाटलीत जोर जास्त आणि दुसरीत कमी. डॉक्टरने मुलाला द्यायचं किती? एर्लिखनी मोजमाप बसवलं. प्रतिविष निर्वात नळ्यांत कोरडं करून जपून ठेवायचं आणि प्रत्येक नवी बाटली त्याच्याशी ताडून बघायची. हे काम कंटाळवाणं, पण आमच्या धंद्यातला माणूस त्याचं मोल ओळखतो. मोजपट्टीच हलती असेल तर बाकी सगळं व्यर्थ. बेरिंग यांच्याशी पुढे पैशांच्या करारावरून त्यांचं बिनसलं, ते कायमचंच. १९०१ चं पहिलं वैद्यकाचं नोबेल बेरिंगना मिळालं. एर्लिखना १८९६ मध्ये बर्लिनजवळ श्टेग्लिट्झला संस्था मिळाली, एका जुन्या बेकरीत आणि तबेल्यात.

त्या मोजमापातच त्यांना मोठी गोष्ट सापडली. घटसर्पाचं विष बरेच दिवस ठेवलं की त्याची मारण्याची ताकद कमी होते. पण प्रतिविषाला धरून ठेवायची ताकद तेवढीच राहते! म्हणजे एकाच रेणूचे दोन भाग असले पाहिजेत, एक चिकटणारा आणि एक मारणारा. मारणारा भाग खराब झाला तरी चिकटणारा शाबूत राहतो. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारून आले. ना क्ष-किरण, ना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक; गिनीपिग, बाटल्या आणि बेरीज-वजाबाकी एवढ्यावर माणूस रेणूच्या आत पोचला. पुढच्या शतकात घटसर्पाच्या विषाची रचना उलगडली, तेव्हा खरोखरच त्यात पेशीला पकडणारा एक तुकडा आणि आत शिरून पेशीचं प्रथिनं बनवायचं काम बंद पाडणारा दुसरा तुकडा निघाला.

१८९७ मध्ये त्यांनी पूर्ण सिद्धान्त मांडला. पेशीच्या अंगावर बाजूला निघालेल्या साखळ्या असतात, अन्न धरण्यासाठी. विष त्यांतल्याच एखाद्या साखळीत चुकून नेमकं बसतं, कुलपात किल्ली बसावी तसं. (कुलूप-किल्लीची उपमा एमिल फिशर या रसायनशास्त्रज्ञाची.) साखळी अडकून पडली की पेशी तशीच दुसरी बनवते, आणि जखम भरताना शरीर जसं गरजेपेक्षा जास्त भरून काढतं तशी ती भरमसाट बनवते. ही भरपाईची कल्पना वायगर्टची. जास्तीच्या साखळ्या गळून रक्तात येतात आणि विषाला वाटेतच पकडतात. त्याच आपल्या अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंड. १९०० च्या सुमारास या साखळ्यांना त्यांनी रिसेप्टर म्हणायला सुरुवात केली. मराठीत आता ग्राही म्हणतात. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत चित्रं काढून हे सगळं त्यांनी समजावलं. ती चित्रं मी पाहिली आहेत. पेशीतून बाहेर आलेले हात, त्यांना खाचा आणि त्या खाचांत बसणारे काळे तुकडे.

पुष्कळांना ती चित्रं बालिश वाटली. कुणी न पाहिलेल्या गोष्टींची चित्रं काढायची म्हणजे काय? पुढे असंही दिसून आलं की निसर्गात कधी नव्हत्याच अशा रसायनांवरही शरीर प्रतिपिंड बनवतं. मग त्या सगळ्यांसाठी साखळ्या आधीपासून तयार कशा असतील? सिद्धान्त मागे पडला. १९५० च्या दशकात येर्न आणि बर्नेट यांनी तो वेगळ्या रूपात परत आणला. शरीरात लाखो तऱ्हेच्या पेशी असतात, प्रत्येकीवर आपापला ग्राही, आणि ज्याला किल्ली लागेल ती पेशी वाढते. पेशी भरपाई का करते, ते एर्लिख यांचं चुकलं होतं. कुलूप आधीपासून पेशीवरच असतं, हे बरोबर निघालं.

आता माझं थोडं. चार वर्षांपूर्वी संध्याकाळच्या मीटिंगमध्ये माझी उजवी पापणी खाली यायला लागली. सकाळी डोळा ठीक, दिवेलागणीला अर्धा मिटलेला. मग स्क्रीनवरच्या ओळी दोन-दोन दिसायला लागल्या. चष्म्याचा नंबर, थकवा, जागरण, सगळे तर्क झाले. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी रक्त तपासायला पाठवलं आणि कागद आला. अॅसिटिलकोलिन रिसेप्टर अँटीबॉडी, पॉझिटिव्ह. रोगाचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. घरी येऊन मी त्या कागदावरचा एकेक शब्द उलगडत बसले, रिसेप्टर या शब्दाचा माग काढत मागे गेले आणि एर्लिख यांच्या दारात पोचले.

नस स्नायूला हुकूम देते तो अॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. स्नायूवर त्याचं कुलूप असतं. माझ्या शरीराने त्याच कुलपांवर प्रतिपिंड बनवले आहेत. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये निकोटिन आणि क्युरारे वापरून स्नायूवर असं ग्रहण करणारं काहीतरी असलं पाहिजे असं मांडलं, ते हेच कुलूप. एर्लिख मात्र तेव्हा मानत नव्हते. विषाला आणि अन्नाला रिसेप्टर असतात, साध्या औषधांना नसतात, असं त्यांचं मत होतं. १९०७ मध्ये त्यांनी ते बदललं, आणि त्याचं कारण फार छान आहे. ते निद्रारोगाच्या जंतूंवर औषधं वापरून बघत होते. जंतू एका औषधाला दाद देईनासे व्हायचे, पण दुसऱ्या जातीच्या औषधाने मरायचे. म्हणजे प्रत्येक जातीच्या औषधाला वेगळी जागा हवी, आणि जंतूने तेवढीच जागा बिघडवली असली पाहिजे. स्वतःचं मत बदलायला त्यांना स्वतःचेच उंदीर पुरले.

आणखी एक गोष्ट. एर्लिखनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचं रक्त टोचून पाहिलं. त्यांनी परक्या रक्तावर प्रतिपिंड बनवले, स्वतःच्या रक्तावर नाही. त्यावरून ते म्हणाले की शरीराला स्वतःला विष करण्याची दहशत असते, ते असं होऊ देत नाही. या निष्कर्षाचा अर्थ पुढच्यांनी फार कडक लावला, आणि शरीर स्वतःवर उलटू शकतं हे वैद्यकाने मान्य करायला अर्धं शतक गेलं. माझा रोग त्यांतलाच. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशातले हेच रिसेप्टर काढून सशांना टोचले, तर ससे लुळे पडले. त्याच सुमारास रोग्यांच्या स्नायूंवरची कुलुपं मोजली गेली, ती तैवानमधल्या मण्यार जातीच्या सापाच्या विषाने, कारण ते विष या कुलपाला घट्ट धरतं. आपल्याकडेही मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या आधी जड होतात, हे खेड्यातल्या कुणालाही विचारा. माझी आजी सांगायची. ती पापणी आणि माझी पापणी एकाच ठिकाणी बिघडते. मी आता गोळ्या वेळेवर घेते, काम चालू आहे, रियुनियनला नाचायचाही विचार आहे. मध्येच बसले तर कंटाळले असं समजू नका.

परत त्यांच्याकडे. १८९९ मध्ये त्यांची संस्था फ्रांकफुर्टला गेली आणि १९०६ मध्ये एका श्रीमंत विधवेच्या, फ्रांझिस्का श्पायर यांच्या देणगीतून शेजारी गेओर्ग श्पायर हाउस उभं राहिलं. दिवसाला पंचवीसेक चुरूट, काखेत त्याचा डबा, जेवायची शुद्ध नाही. सहकाऱ्यांना दिवसाची कामं रंगीत कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून देणार आणि त्यांची नक्कल जपून ठेवणार. कागद नसला तर शर्टाच्या कफावर किंवा टेबलक्लॉथवर सूत्रं काढणार. हाताखाली काम करणं सोपं नसावं. आर्सेनिकच्या एका औषधाची प्रचलित रासायनिक रचना चूक आहे, असं त्यांनी ठरवलं तेव्हा काही रसायनतज्ज्ञ नोकरी सोडून गेले. आल्फ्रेड बेर्टहाइम राहिले, आणि रचना एर्लिख म्हणत होते तशीच निघाली. १९०८ मध्ये मेच्निकॉफ यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं.

त्या आर्सेनिकच्या रेणूत थोडा थोडा बदल करत शेकडो संयुगं झाली. जंतूला धरेल, माणसाला धरणार नाही अशी जादूची गोळी त्यांना हवी होती. ६०६ क्रमांकाचं संयुग आधी तपासून निकामी म्हणून बाजूला पडलं होतं. १९०९ मध्ये जपानहून साहाचिरो हाता आले, त्यांना सशांत गरमीचा रोग वाढवता येत असे. त्यांनी जुनी संयुगं पुन्हा एकेक करून तपासली, आणि ६०६ ने ससे बरे झाले. १९१० च्या एप्रिलमध्ये वीसबाडेनच्या परिषदेत हे जाहीर झालं. वर्षाअखेरीस ते साल्वारसान या नावाने बाजारात आलं, आणि त्याआधी होख्स्ट कंपनीने सुमारे ६५,००० मात्रा फुकट वाटल्या होत्या.

इथे गोष्ट सुखाची व्हायला हवी होती. पण ही पिवळी पूड हवा लागली की बिघडे आणि विषारी होई. ती विरघळवून, अल्क घालून, जपून टोचावी लागे. घाईत टोचणारे डॉक्टर होते, आणि माणसं दगावली. एर्लिख प्रत्येक तक्रारीची माहिती मागवत, उत्तरं लिहीत, कृतीची टिपणं पाठवत. १९१२ मध्ये विरघळायला सोपं असं ९१४ क्रमांकाचं औषध आलं, पण त्यांच्यावरची टीका थांबली नाही. पैशासाठी गरिबांवर प्रयोग केले, वेश्यांना रुग्णालयात जबरदस्तीने टोचलं, असे आरोप छापून आले. काहींच्या बोलण्यात ते ज्यू असल्याचा विखारही होता. गरमी हे पापाचं फळ, ते बरं करायचंच कशाला, असं म्हणणारेही होते. १९१४ च्या उन्हाळ्यात फ्रांकफुर्टच्या कोर्टात छापणाऱ्याला शिक्षा झाली, पण साक्षीदार म्हणून उभे राहिलेले एर्लिख त्यात पार पिचले. त्यांच्या बाजूने मला एवढंच म्हणायचं आहे की औषध बाहेर गेल्यावर त्यांनी त्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही. आमच्या धंद्यात तेवढं करणारे कमी भेटतात.

त्याच ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. जर्मन सैन्याची पाठराखण करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांचीही सही आहे. मला ती खटकते. तब्येत ढासळत होती, आणि २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होमबुर्ग इथे त्यांचं निधन झालं. वय ६१. फ्रांकफुर्टच्या ज्यू स्मशानात त्यांची कबर आहे.

पुढे नाझी आले, तेव्हा त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी उतरवली गेली. हेडविगबाई म्हातारपणी, १९३९ मध्ये, देश सोडून स्वित्झर्लंडला आणि तिथून अमेरिकेला गेल्या. १९४८ मध्ये त्या तिथेच वारल्या. युद्धानंतर पाटी परत लागली. १९९० च्या दशकात जर्मनीच्या २०० मार्कच्या नोटेवर एर्लिख यांचा चेहरा होता. नोटेच्या मागच्या बाजूला सूक्ष्मदर्शक आहे. युरो आल्यावर ती नोट बंद झाली. ऑफिसच्या कामासाठी फ्रांकफुर्टला गेले होते, तेव्हा एका जुन्या नाण्यांच्या दुकानातून मी एक घेऊन आले. रियुनियनला आणते. ज्यांना बघायची असेल त्यांनी जेवणाच्या आधी मागा, संध्याकाळी माझे डोळे दमलेले असतात.